ब्लूटूथवरचा आळ

दुरुस्तीच्या धंद्यात गिऱ्हाइकाचं पहिलं वाक्य कधीच खरं धरायचं नसतं. "पडला न्हाई, पाणी लागलं न्हाई, लेकरांनी हात लावला न्हाई, बसल्या जागी बंद पडला." वारंगा फाट्यावरच्या माझ्या दुकानात हे वाक्य मी आधी रेडिओबद्दल ऐकलं, मग टीव्हीबद्दल आणि पुढे मोबाइलबद्दल. वस्तू बदलत गेल्या, वाक्य तेच राहिलं. मी "व्हय का" म्हणायचो, मान डोलवायचो आणि मागचे स्क्रू काढायला घ्यायचो. पाण्यात पडलेल्या मोबाइलच्या आतल्या पट्टीवर हिरवट थर चढलेला असतो. आपटलेल्या रेडिओचा एखादा सांधा सुटलेला असतो. माणूस खोटं बोलतो, वस्तूला ते जमत नाही.

संपादकांनी दुकानातल्या गमतीजमती लिहा असं सुचवलं. गमती थोड्याच आहेत. माझी सगळी हयात संशय घेण्यात गेली, आणि बायको म्हणते की दुकान बंद करून घरी बसलो तरी ती खोड गेलेली नाही. कोथिंबिरीची जुडीसुद्धा मी उलटी करून बघतो.

वस्तूवरच्या मळावरून ती कोणाच्या हातात असते हे मला ओळखू यायचं. गिरणीवाल्याच्या मोबाइलच्या जाळीत पीठ, गवंड्याच्या मोबाइलमध्ये सिमेंट, हे तर कोणीही सांगेल. नव्वद सालानंतरची गोष्ट असेल, हट्टा गावचा एक शेतकरी ट्रान्झिस्टर घेऊन आला. सेल लवकर संपतात, तुम्ही जुने घातले असतील, असा त्याचा माझ्यावर आरोप. रेडिओ आपण एकटेच ऐकतो, तेही बातम्यांपुरता, असं त्याचं म्हणणं. मी आवाजाचं बटण काढलं. त्याच्या खाचांत हळद आणि कणीक बसलेली. मी हसत हसत त्याला सांगून टाकलं की घरात अजून एक ऐकणारं माणूस आहे, आणि ते स्वयंपाक करता करता ऐकतं. तोही हसला. नंतर कळलं की घरी जाऊन त्याने रेडिओ कपाटात घालून कुलूप लावलं. त्या बाईला मी कधी पाहिलं नाही, पण तिची दुपार माझ्यामुळे गेली, हे मनात राहिलं. कळणं हा माझ्या धंद्याचा भाग आहे, सांगणं नाही, हे मी त्या दिवशी शिकलो.

पुढे फाट्यावर मोबाइलचा टॉवर उभा राहिला आणि संशय घेणारा मी एकटा उरलो नाही. डोंगरकडा गावच्या एका बागाईतदाराचे केळीचे घड बारीक आले, तर त्याने खापर टॉवरवर फोडलं. चिमण्या दिसेनाशा झाल्या, टॉवर. सुनेला दिवस जात नाहीत, टॉवर. खिशातल्या मोबाइलने काळीज कमजोर होतं म्हणून काही मंडळी तो धोतराच्या कमरेला खोचू लागली. तिथे काय कमजोर होईल याचा विचार कोणी केला नसावा.

लोकांची भीती दिसली की तिच्यावर धंदा करणाराही येतो. एक गुळगुळीत बोलणारा माणूस चकचकीत चिकट्या, म्हणजे स्टिकर, घेऊन दुकानात आला. ही मोबाइलच्या पाठीवर लावा, घातक लहरी अडतात, असं त्याचं म्हणणं. मी एक चिकटी माझ्या मोबाइलला लावली आणि दुकानातल्या फोनवरून रिंग दिली. मोबाइल वाजला. मग तोच मोबाइल जेवणाच्या स्टीलच्या डब्यात घालून झाकण घट्ट लावलं, तर रिंग जाईना. मी त्याला म्हटलं, लहरी अडल्या असत्या तर फोन वाजला नसता. तुमच्या चिकटीपेक्षा माझा डबा बरा. त्याने चिकटी काढून घेतली आणि पुढच्या दुकानात गेला. तिथे खपल्या म्हणे.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं की मी यंत्राचा भक्त नव्हतो आणि यंत्राला भिणाराही नव्हतो. दोन्हीकडे सारख्याच वाकड्या नजरेने बघायचो. आता गणपत राठोडची गोष्ट सांगतो.

गणपत फाट्यापासून जवळच्याच तांड्यावरचा. काळी-पिवळी जीप चालवायचा, फाटा ते कळमनुरी. माझ्याच वयाचा, आमचं अरेतुरेचं बोलणं. जीपचा स्टँड माझ्या दुकानासमोर, त्यामुळे नंबर लागेपर्यंत तो माझ्या बाकावर बसलेला असायचा. डाव्या तळहातावर तंबाखू, डबीतून बोटाने काढलेला चुना, मग अंगठ्याने मळणी, मग टाळी. सगळ्या स्टँडवर ही टाळी दिवसभर ऐकू यायची. कोणी मळली की शेजारच्यापुढे हात करायचा आणि शेजारच्याने चिमूट उचलायची, नाही म्हणणं म्हणजे अपमान.

गणपतला डाव्या गालाच्या आतून गाठ निघाली. मुंबईला जाऊन ऑपरेशन झालं, मग शेक झाले. किरणांच्या उपचाराला आमच्याकडे शेक म्हणतात. परत आला तेव्हा गाल आत गेलेला, त्यावरची कातडी काळी पडलेली, तोंड जेमतेम दोन बोटं उघडायचं. तंबाखू सुटली. निदान तो तसं म्हणायचा. स्टँडवर कोणी हात पुढे केला की तो मान फिरवायचा आणि लोक त्याला नावाजायचे.

गाडी चालवताना फोन गाल आणि खांद्यात धरायची ड्रायव्हर लोकांची सवय. गणपतला ते जमेना, कातडी दुखायची. तेव्हा ब्लूटूथ नवीन आलं होतं. कानात अडकवायचं, त्यावर एक बटण, निळा दिवा लुकलुकायचा. तो म्हणाला, मला ते दे. मी विचारलं, डॉक्टरला विचारलंस का. म्हणाला, विचारलं. धंद्याचा नियम मला माहीत होता, तरी मी त्याला ते विकलं. उजव्या कानात घाल, शेकलेल्या बाजूला नको, आवाज बारीक ठेव, एवढं बजावलं.

माझ्यापुरता विचार मी केला होता. मोबाइलला लांबच्या टॉवरशी बोलावं लागतं, म्हणून तो ओरडतो. ब्लूटूथला खिशातल्या मोबाइलशी बोलायचं असतं, ते कुजबुजतं. म्हणजे मोबाइल कानाला लावण्यापेक्षा हे बरं. पण हा झाला मिस्त्रीचा हिशोब. ज्याच्या गालातून एकदा गाठ काढली आहे त्याला हा हिशोब लागू पडतो का, हे मला खात्रीने माहीत नव्हतं.

दिवाळीच्या तोंडावर एका सकाळी गणपतची बायको कमळाबाई दुकानात आली. प्लास्टिकच्या पिशवीत ब्लूटूथ, पिशवीवर फडकं, आणि ते फडकंही तिने दोन बोटांत धरलेलं. स्टँडवर गर्दी होती. तिने ते माझ्या काउंटरवर ठेवलं आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात विचारलं, "काहून दिलं हे तुमी त्याला?"

गणपतच्या गालात पुन्हा पांढरा चट्टा आला होता. ब्लूटूथ घेतल्यावर काही महिन्यांतच.

मी म्हणालो की चट्टा डाव्या गालात आहे आणि हे उजव्या कानात असतं. ती म्हणाली, "डोकं तर एकच हाय ना भाऊ? मुंबईच्या मशिनीतून काय निघतं ते दिसलं न्हाई, पर गाल जाळला. ह्याच्यातूनबी जे निघतं ते दिसत न्हाई. मंग हे जाळणार न्हाई कशावरून?"

दुधाने तोंड पोळलं की माणूस ताकही फुंकून पितो, आणि या घराचं तोंड तर खरोखरच पोळलेलं होतं. तिने जाता जाता सांगितलं, "उघडा अन् आत काय हाय ते बघा. मला न्हाई कळत, तुमाला कळतं. मी बाजार करून येते."

ती गेली आणि स्टँडवर चर्चा सुरू झाली. ज्यांनी माझ्याकडून ब्लूटूथ घेतली होती त्यांचे हात कानाकडे गेले. खताच्या दुकानाच्या मालकाने आपलं काढून शर्टाच्या खिशात टाकलं, मग खिशाखाली काळीज आहे हे आठवून पिशवीत टाकलं. दोन गिऱ्हाइकं दुपारपर्यंत परत करायला आली. खरं सांगायचं तर माझाही धीर सुटला. बिननावाच्या खोक्यातून आलेला माल, आत काय भरलं आहे कोणाला ठाऊक. मी शटर अर्धं ओढलं आणि भिंग लावून बसलो.

टोपण काढलं. बटणाच्या खाली, रबराच्या कडेने, पांढरी भुकटी घट्ट बसली होती. तिने खालचा तांब्याचा पत्रा खाल्ला होता. टोकरून बोटावर घेतली, पाण्याचा थेंब टाकून चोळली. चुना. डबीतून चुना ज्या बोटाने काढतात त्याच बोटाने हे बटण दाबतात.

पण मी माझ्या संशयावरही संशय घेणारा. दिवाळीचे दिवस, तांड्यावर घराघराला चुना मारणं चालू होतं. गणपतने भिंतीला हात लावला असेल आणि मग फोन घेतला असेल. म्हणून कमळाबाई परत आली तेव्हा मी काही बोललो नाही. बटण खराब झालं होतं, साफ केलं आहे, थोडे दिवस वापरू द्या, मग पुन्हा बघतो, एवढंच म्हणालो. ती म्हणाली, "चालंल," आणि ब्लूटूथ उचलून कमरेच्या पिशवीत टाकून गेली. सकाळी जी बाई त्याला फडक्याने धरत होती, तिने ते संध्याकाळी नुसत्या हाताने कसं नेलं, हे मला तेव्हाच खटकायला हवं होतं. माझं सगळं लक्ष चुन्यात होतं.

दिवाळी होऊन भिंती वाळल्यावर गणपत स्वतःच आला. बटण दाबलं जात नाही, म्हणाला. मी त्याच्यासमोरच उघडलं. पांढरी भुकटी होती, आणि रबराच्या फटीत तंबाखूचा एक तपकिरी कण अडकला होता. मी चिमट्याने तो काढून कागदावर ठेवला आणि कागद त्याच्यापुढे सरकवला.

"घराला अजून चुना मारून राहिला का गणपत?"

तो हळूच म्हणाला, "चिमूटभरच घेतो. गाडीवर डोळा लागतो रे."

"अन् चट्टा?"

"तिला सांगू नको मिस्त्री. तिचा राग मशिनीवर हाय, तिथंच राहू दे."

माझ्या अंगाचा तिळपापड झाला. माझा माल चारचौघांत बदनाम झाला होता याचा राग होताच, पण त्याहून मोठा राग दुसराच होता. हा माणूस ब्लूटूथच्या आड लपला होता. बायको म्हणते ब्लूटूथमुळे चट्टा आला, मग ब्लूटूथ काढलं की चट्टा जाईल, मग डॉक्टरकडे कशाला जायचं, असं त्याने मनाशी जुळवून ठेवलं होतं. साप साप म्हणून सगळा स्टँड भुई धोपटत होता आणि साप त्याच्या गालात वाढत होता. मी म्हणालो, सांगत नाही, पण उद्याच्या उद्या नांदेडच्या डॉक्टरकडे चल. त्याने नाही म्हणून मान हलवली. डॉक्टर पुन्हा कापतील, पुन्हा मुंबई, पुन्हा ते शेक; तो म्हणाला, मरू दे. त्याच्या डोळ्यांत पाणी होतं, माझ्याही आलं.

तिढा कमळाबाईनेच सोडवला. दुसऱ्या दिवशी ती गणपतला घेऊन दुकानात आली आणि तिने भर स्टँडवर निकाल दिला. हे यंत्र नांदेडच्या डॉक्टरपुढे ठेवायचं. डॉक्टरने सांगावं की यानेच झालं का नाही. विकणाऱ्यानेही सोबत यायचं, म्हणजे तिथे जबाब देता येईल. खटला ब्लूटूथवर होता, गणपत फक्त साक्षीदार. त्याला नाही म्हणायला तोंड उरलं नाही. त्याच्याच जीपमध्ये बसून आम्ही तिघं निघालो.

मुंबईचे उपचार झाल्यावर त्याला तपासणारे डॉक्टर तरुण होते. कमळाबाईने टेबलावर ब्लूटूथ ठेवून आरोप सांगितला. डॉक्टर हसतील असं वाटलं होतं, ते हसले नाहीत. त्यांनी सांगितलं की मुंबईच्या यंत्राचे किरण पेशी मारण्यासाठीच असतात, ते अतिशय जोरकस. या यंत्रातून निघतात त्या रेडिओच्या जातीच्या लहरी, त्याही अगदी कमजोर. या लहरींनी आजार उलटल्याचं आमच्या बघण्यात आणि वाचण्यात नाही. शेकलेली कातडी नाजूक असते, तिथे काही घासू देऊ नये. शेकाने कधीकधी ऐकू कमी येतं, म्हणून आवाज वाढवत बसू नये. ही काळजी घेतली तर खुशाल वापरा, उलट फोन गालाला दाबण्यापेक्षा बरंच. मी विचारलं, शंभर टक्के? ते म्हणाले, शंभर टक्के मी कशाचंच सांगत नाही. या उत्तरामुळे माझा त्यांच्यावर विश्वास बसला.

मग त्यांनी बॅटरी घेतली आणि गणपतच्या तोंडात बराच वेळ पाहिलं. तंबाखू चालू आहे का, त्यांनी विचारलं. गणपत म्हणाला, नाही. मी पंख्याकडे बघितलं. डॉक्टरांनी चट्ट्याचा तुकडा तपासायला काढून घेतला.

परतताना गणपत वाटेत चाकात हवा भरायला उतरला. तो लांब गेलेला पाहून कमळाबाई माझ्याकडे वळली.

"भाऊ, मला काय चुन्याचा वास येत न्हाई व्हय? माझा बाप, माझा भाऊ, माझा नवरा, समदे त्याच्यातलेच. तंबाखूचं नाव घेतलं असतं तर ह्यो जीपीत बसलाच नसता. मशिनीचं नाव घेतलं म्हनून आला."

"मग माझ्याकडे उघडायला काहून आणलं?"

"तुमाला दिसावं म्हनून. माझं ऐकत न्हाई. तुमच्यापुढं लाजंल म्हनलं."

मी हयातभर संशय घेऊन जगलेला माणूस, आणि या बाईने मला, डॉक्टरला, सगळ्या स्टँडला एका ब्लूटूथभोवती फिरवलं होतं. तिला खरोखर यंत्राची भीती होती का, असं मी विचारलं. ती म्हणाली, होती थोडी, डॉक्टरने सांगितलं तेव्हा गेली. तिनेही शंभर टक्के सांगितलं नाही.

तुकड्यात दोष निघाला, पण सुरुवातीचा. मुंबईला तेवढा भाग काढला, पुन्हा शेक लागले नाहीत. गणपत जीपवर आला, ब्लूटूथसकट. त्यानंतर दर थोड्या दिवसांनी बाजाराच्या दिवशी कमळाबाई दुकानात यायची, ब्लूटूथ काउंटरवर ठेवायची आणि म्हणायची, "बटण बघा." मी टोपण काढायचो, भिंगातून बघायचो आणि सांगायचो, साफ आहे. गणपतला हे माहीत होतं, तो बाहेर जीपला टेकून उभा असायचा आणि आकाशाकडे बघायचा. एकदा कडेला पांढरं दिसलं. मी लपवलं नाही. पुढचा आठवडाभर फाट्यावर त्याची जीप आली नाही; चावी कमळाबाईच्या कमरेला होती. त्यानंतर बटण साफच असायचं. दोनदा मी त्याची बॅटरी बदलून दिली, नवीन घे म्हटलं तर दोघंही घेईनात.

काही वर्षांनी आजार मानेत उलटला. या वेळी हाताबाहेर गेला होता. कमळाबाईने डॉक्टरला विचारलं, कशामुळे? ते म्हणाले, सगळं सोडलं तरी कधीकधी येतो, आणि सोडलं नसेल तरी येतो. गणपत त्या उन्हाळ्यात गेला. स्टँडवर पुन्हा तेच सुरू झालं. एवढी वर्षं कानात ते निळं घालून बसायचा, दुसरं काय होणार. मी वाद घातला नाही.

दहावं-तेरावं झाल्यावर कमळाबाई आली. थकली होती. पदराची गाठ सोडून तिने ब्लूटूथ काउंटरवर ठेवलं. दिवा कधीचा बंद पडला होता.

"शेवटचं बघा भाऊ. त्याच्या आजारपणात मी उघडू दिलं न्हाई कुनाला."

ती काय विचारते आहे हे मला कळत होतं. आजार आपल्या पावलांनी आला, की एवढी वर्षं नवऱ्याने तिला फसवून बोलावून आणला. पुढे तिला एकटीने जगायचं होतं आणि या उत्तरासोबत जगायचं होतं. मी टोपण काढलं, भिंग डोळ्याला लावलं आणि उजेडाकडे धरून नीट बघितलं.

"साफ आहे, कमळाबाई."

"बराबर बघितलं?"

"बराबर."

तिने ते उचललं, पदरात बांधलं आणि तांड्याच्या रस्त्याला लागली. मी भिंग पुसून ठेवलं.

माणसाच्या बोलण्यावर संशय घ्या, असं मी या लेखात पहिल्यापासून सांगत आलो आहे. ते बटण साफ होतं, या एका वाक्यावर मात्र कृपा करून कोणी घेऊ नये.